ग्वोझ्जेत्सचे छप्पर

पुण्याच्या लष्कर भागात लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे एक प्रार्थनामंदिर आहे. वाटेने जाणाऱ्या नवख्या माणसास ते चर्च वाटते. पुणेकर मात्र त्याला लाल देऊळ म्हणतात, आणि ते ज्यू लोकांचे आहे हे जाणतात. डेव्हिड ससून यांनी ते बांधावयास घेतले. १८६४ साली ते पुण्यातच वारले, आणि १८६७ साली मंदिर पुरे झाले. त्यांची कबर त्याच आवारात आहे. या मंदिराचे खरे नाव ओहेल डेव्हिड. हिब्रू भाषेत ओहेल म्हणजे तंबू. दगडविटांच्या एवढ्या भक्कम इमारतीस तंबू का म्हणावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर ज्यूंच्या इतिहासात आहे. मिसर देश सोडून वाळवंटातून फिरत असता त्यांचे पहिले देवस्थान तंबूत होते, असे त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. मुक्काम हलला की तंबू उतरवावयाचा, घड्या घालून पुढे न्यावयाचा, आणि नव्या मुक्कामी पुन्हा उभारावयाचा.

हा तंबू श्रोत्यांनी मनात ठेवावा, अशी आमची विनंती आहे. कारण आज आम्ही ज्या मंदिराची हकिगत सांगणार आहोत ते पुण्यापासून हजारो मैलांवरचे आहे, लाकडाचे आहे, आणि तेही एका अर्थाने तंबूच आहे. ते अडीचशे वर्षांहून अधिक काळ उभे होते. १९४१ साली ते नष्ट झाले. आणि तरीही त्याचे छप्पर आज पाहावयास मिळते. हे कसे घडले, कोणी घडविले, आणि जे परत आले ते नेमके काय, एवढाच आजचा विषय.

ही हकिगत आमच्यापर्यंत पोचली ती एका अनुबोधपटाच्या द्वारे. ज्याला अलीकडे माहितीपट म्हणतात, तोच हा प्रकार. २०१५ साली अमेरिकेत ‘रेझ द रूफ’ या नावाचा एक अनुबोधपट निघाला. ‘छप्पर चढवा’ असा त्याचा सरळ अर्थ. तो करणारे कॅरी वोलिन्स्की हे मूळचे छायाचित्रकार. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या मासिकासाठी त्यांनी वर्षानुवर्षे देशोदेशी फिरून छायाचित्रे घेतली. त्यांचे चिरंजीव यारी वोलिन्स्की हे या कामात त्यांचे जोडीदार. बापलेकांनी मिळून एका बांधकामाची गोष्ट चित्रित केली. सिनेमात नायक असतो, नायिका असते, खलपुरुष असतो. या चित्रपटाचा नायक म्हणजे एक छप्पर. पण ते छप्पर समजावयाचे तर प्रथम त्या देशाचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

मध्ययुगात पश्चिम युरोपातील राजांनी ज्यूंना वेळोवेळी देशाबाहेर घालविले. ते पूर्वेकडे सरकत सरकत पोलंडात आले. १२६४ साली तेथील एका सरदार राजाने त्यांना संरक्षणाची सनद दिली. पुढे पोलंड व लिथुएनिया यांचे जोडराज्य झाले, तेव्हा तेथील जमीनदारांनी आपापल्या गावांत ज्यूंना मुद्दाम वसविले, कारण व्यापार, कारागिरी, गिरण्यांचे मक्ते, खानावळी यांसाठी त्यांना ही माणसे हवी होती. ज्यूंमध्ये एक दंतकथा प्रचलित आहे. पळून आलेले त्यांचे पूर्वज एका रानात थांबले, तेव्हा त्यांच्या कानी ‘पो लिन’ असे शब्द आले. हिब्रूत त्याचा अर्थ, ‘येथे मुक्काम कर.’ त्यावरून पोलंडास हिब्रूत पोलिन म्हणतात, अशी ती कथा. दंतकथेला इतिहास म्हणता येत नाही; पण एखादा समाज आपल्या भूमीकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता हे तीवरून कळते. वाळवंटातला तंबू आता रानात मुक्कामाला आला होता.

मुक्काम मात्र निर्वेध नव्हता. १६४८ साली ख्मेलनित्स्कीच्या नेतृत्वाखाली कोसाकांचे मोठे बंड झाले आणि त्यात ज्यूंची गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. त्या भयंकर आपत्तीनंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत उरलेल्यांनी पुन्हा वस्त्या वसविल्या आणि नवी देवळे बांधली, जुनी सजविली. ती बहुतेक लाकडाची होती, कारण रान जवळ होते, सुतार हाताशी होते, आणि दगड महाग होता. अशी दोनशेहून अधिक लाकडी देवळे त्या जोडराज्यात होती असे मानले जाते. वोउपा, झाब्वुदुव अशा गावांतील देवळांची छपरे एकावर एक दोन-दोन, तीन-तीन थरांनी चढत गेलेली होती. युरोपातील लाकडी बांधकामाच्या इतिहासात त्यांना फार वरचे स्थान आहे.

ग्वोझ्जेत्स हे अशांपैकीच एक लहान गाव. ते आज युक्रेनमध्ये आहे आणि तेथे त्याला ह्विझ्देत्स म्हणतात. या गावाने आपली जागा न सोडता किती राज्ये पाहिली ते पाहण्यासारखे आहे. आधी पोलंडचे राज्य. १७७२ साली पोलंडची पहिली फाळणी झाली तेव्हा ऑस्ट्रियाचे. पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा पोलंडचे. १९३९ साली सोव्हिएट रशियाचे. १९४१ साली जर्मनांचे. मग पुन्हा सोव्हिएटांचे. आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेनचे. राजे बदलले, झेंडे बदलले. देऊळ १९४१ पर्यंत तेथेच होते.

हे देऊळ सतराव्या शतकाच्या मध्यास बांधले गेले आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्याच्या आतल्या छताची नव्याने रचना झाली. बाहेरून पाहणाऱ्यास ते फार नटलेले दिसत नसे. तासलेले ओंडके आडवे रचून, कोपऱ्यात एकमेकांत अडकवून उभारलेल्या भिंती, आणि वर उंच उतरते छप्पर. श्रीमंत शेतकऱ्याचे धान्यकोठार म्हटले तरी चालले असते. परक्यांच्या देशात राहणाऱ्यांनी बाहेरून डोळ्यांत भरू नये, असे शहाणपण त्यात होते असे म्हणता येईल. पण आत पाऊल टाकताच माणूस थक्क होऊन वर पाही. त्या उंच छपराच्या पोटात, वाशांना आणि कैच्यांना टांगून, पातळ फळ्यांचा एक घुमट केलेला होता. तो दगडी घुमटासारखा भिंतींवर भार टाकणारा नव्हता. वरून लोंबणारा होता. त्याचे कोन आणि वळणे पाहिली की ताणलेल्या कापडाची आठवण व्हावी. टॉमस हुबका या अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञाने या देवळाचा सखोल अभ्यास करून २००३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. या छताचा आकार तंबूच्या कल्पनेशी जोडलेला आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. लाल देवळाच्या नावातला ओहेल येथे लाकडात प्रत्यक्ष उतरला होता.

या तंबूच्या आतल्या अंगावर इंचभरही जागा कोरी ठेवलेली नव्हती. राशीचक्र, सिंह, एकशिंगी घोडा, नाना पशुपक्षी, वेलबुट्टी. आणि भिंतींवर चौकटी आखून त्यांत हिब्रू अक्षरांत लिहिलेली प्रार्थनेची वचने. मनुष्याकृती मात्र या परंपरेत साधारणपणे टाळीत. चित्रकारांनी आपली नावे तेथेच नोंदवून ठेवली होती. यारिचुव गावचा मोर्देखाईचा पुत्र इस्रायल, आणि त्याच गावचा इझाक. साल १७२९. म्हणजे इकडे थोरले बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीस धावून गेले, त्याच वर्षी तिकडे हे दोघे परांचीवर उताणे होऊन एका खेड्यातील छतावर सिंह रंगवीत होते. इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या प्रसंगास पाने मिळतात. दुसऱ्याची नोंद त्या फळीवर होती, आणि फळी गेली की नोंद गेली.

येथून आमच्या हकिगतीतील खरी माणसे पुढे येतात. ती म्हणजे नोंद करणारी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इसिडोर काउफमान नावाचा व्हिएन्नाचा एक चित्रकार ज्यू वस्त्यांतून हिंडत असे. त्याने ग्वोझ्जेत्सच्या देवळाच्या अंतर्भागाचे एक लहानसे तैलचित्र काढले. नंतर १९१० च्या सुमारास आलोइस ब्रायर हा वास्तुकलेचा एक तरुण अभ्यासक आपल्या प्रबंधासाठी गालिसियातील लाकडी देवळे पाहत फिरला. त्याने मोजमापे घेतली, नकाशे काढले, आणि काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे घेतली. १९३४ साली इतर दोघा विद्वानांसह त्याने तो संग्रह व्हिएन्नात ग्रंथरूपाने छापला. त्या वेळी हा ग्रंथ वाचून कोणी हळहळले असेल असे वाटत नाही. देवळे उभीच होती, त्यांत माणसे प्रार्थना करीत होती. उभ्या देवळाचे माप घेणारा माणूस गावकऱ्यांना नेहमीच जरा वेडा वाटतो.

इकडे स्वतंत्र पोलंडची राजधानी वॉर्सा येथील पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक ऑस्कर सोस्नोव्स्की यांच्या देखरेखीखाली पोलिश वास्तुकलेचा एक विभाग १९२२ पासून काम करीत होता. तेथील विद्यार्थ्यांना सुटीत गावोगाव पाठवीत. चर्च, वाडे, शेतघरे आणि ज्यूंची देवळे, जे जुने असेल ते मोजून, रेखून आणावयाचे. याच विभागासाठी शिमॉन झायचिक हा तरुण ज्यू कलेतिहासकार काम करीत असे. कॅमेरा घेऊन तो एका गावाहून दुसऱ्या गावास जाई आणि देवळांची छायाचित्रे घेई. तो जे टिपीत होता ते त्याच्या स्वतःच्या लोकांचे होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने पोलंडवर स्वारी केली. वॉर्साच्या वेढ्यात प्राध्यापक सोस्नोव्स्की जखमी झाले आणि थोड्याच दिवसांत वारले. झायचिक लपून राहिला; १९४४ साली नाझींच्या हातून मारला गेला. जी देवळे त्याने टिपली होती त्यांतील कित्येक जळाली. ग्वोझ्जेत्सचे देऊळ १९४१ साली नष्ट झाले. आणि देवळांबरोबर त्यांत बसणारी माणसे गेली. युद्धापूर्वी पोलंडात तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू होते. त्यांतील सुमारे तीस लाख मारले गेले. या आकड्यांपुढे एखाद्या छपराची गोष्ट सांगावयास आम्हांला संकोच वाटतो. तो संकोच श्रोत्यांनाही वाटावा. त्याचा विचार आम्ही शेवटी करणार आहोत.

पॉलिटेक्निकमधील कागदांचे काय झाले? १९४४ साली वॉर्सात उठाव झाला, तो मोडला गेला, आणि जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे पाडावयास घेतले. तेव्हा त्या विभागातील माणसांनी नकाशांचा आणि छायाचित्रांचा संग्रह जळत्या शहरातून बाहेर काढला आणि पिओत्रकूफ या गावच्या एका मठात दडवून ठेवला. पोटास अन्न नाही, डोक्यावर छप्पर नाही, अशा वेळी ही माणसे दुसऱ्यांच्या छपरांचे नकाशे वाचवीत होती. युद्ध संपले तेव्हा इमारती गेल्या होत्या. त्यांचे कागद उरले होते. मारिया आणि काझिमिएश पिएखोत्का या वास्तुशिल्पी पतिपत्नींनी त्या कागदांवर वर्षानुवर्षे मेहनत केली आणि १९५७ साली ‘लाकडी देवळे’ या अर्थाच्या नावाचा पोलिश ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी तो इंग्रजीत आला. त्यातील चित्रे पाहून फ्रँक स्टेला या अमेरिकन कलावंताने १९७० नंतर एक संपूर्ण चित्रमालिका केली आणि प्रत्येक कृतीस एकेका पोलिश गावाचे नाव दिले. मेलेली इमारत कागदावरून अशी अमेरिकेत पोचली.

आता अनुबोधपटाकडे वळू. मॅसॅच्युसेट्समध्ये रिक आणि लॉरा ब्राउन हे कलाशिक्षक पतिपत्नी राहतात. ते ज्यूही नाहीत आणि पोलिशही नाहीत. हरवलेल्या वस्तू हाताने पुन्हा बनवून पाहावयाच्या आणि त्यातून शिकावयाचे, हा त्यांच्या हँड्सहाउस स्टुडिओ या संस्थेचा उद्योग. या लाकडी देवळांची चित्रे पाहून, आणि त्यांतील एकही भव्य देऊळ शिल्लक नाही हे कळल्यावर, त्यांच्या मनाने घेतले की यातील एक तरी पुन्हा उभारावयाचेच. या ध्यासात दहा वर्षे गेली. निवड झाली ती ग्वोझ्जेत्सची, कारण ब्रायरची छायाचित्रे, जुनी रेखाटने, काउफमानचे तैलचित्र आणि हुबकाचा ग्रंथ, एवढी सामग्री दुसऱ्या कोणत्याही देवळाविषयी एकत्र मिळणे कठीण होते.

२०११ च्या उन्हाळ्यात पोलंडातील सानोक येथील उघड्यावरच्या ग्रामवास्तु-संग्रहालयात काम सुरू झाले. नुकतेच तोडलेले दोनशे वृक्ष, आणि सहा आठवड्यांची मुदत. अट अशी की अठराव्या शतकातील सुताराकडे जी हत्यारे होती त्यांनीच काम करावयाचे. वोलिन्स्की बापलेकांचा कॅमेरा येथे फिरतो, आणि येथेच त्यांच्या कलेचे मर्म दिसते. छायाचित्रकार पुऱ्या झालेल्या वस्तूचे चित्र घेतो. या चित्रपटात मात्र घडणे हाच विषय आहे. गोल ओंडक्याच्या कडेला कुऱ्हाडीने खाचा पाडून मग रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने त्याची बाजू सपाट कशी करतात, दोन वाशांचा सांधा एकदा बसतो, एकदा बसत नाही, आणि बसला नाही तर माणसे काय करतात, मुसळधार पावसात चिखल तुडवीत ती कशी वाद घालतात आणि कशी हसतात, हे सारे आपण पाहतो. आपल्याकडील जुन्या वाड्याचे खांब-तुळया ज्याने पाहिले आहेत त्याला हे परके वाटणार नाही. नकाशात सांध्याची रेघ असते. पण तो सांधा कोणत्या क्रमाने चढवावयाचा, कोणी खाली उभे राहावयाचे आणि कोणी वर, हे नकाशा सांगत नाही. ते हातांना ठाऊक होते. ते हात गेल्यावर नव्या हातांनी ते चुकत चुकत पुन्हा शोधून काढले.

मग रंगकाम आले. ते पोलंडातील निरनिराळ्या गावी दोन उन्हाळे चालले, आणि ते मुद्दाम अशा जुन्या विटांच्या ज्यू देवळांत केले की जी युद्धातून कशीबशी वाचली होती पण ज्यांपैकी बहुतेकांत आता प्रार्थना करणारे कोणी नव्हते. तीनशेहून अधिक माणसे, त्यांत बरेचसे विद्यार्थी, या कामात येऊन गेली. अडचण मोठी होती ती रंगांची. ब्रायरची छायाचित्रे काळीपांढरी. त्या काळच्या बहुतेक काचपट्ट्यांना तांबडा रंग दिसत नसे. म्हणून तांबडे छायाचित्रात काळे उमटते आणि निळे जवळजवळ पांढरे. म्हणजे छायाचित्रात जे काळे दिसते ते कदाचित लालभडक असेल. काउफमानच्या लहानशा तैलचित्राचा आधार तेवढा होता. त्यावरून, जुन्या रंगद्रव्यांच्या माहितीवरून आणि तर्कावरून एकेक चौरस ठरवावा लागला. सशाच्या कातड्याचे सरस उकळून त्यात रंगाची पूड कालवावयाची आणि फळीवर लावावयाचा, ही जुनी रीतच त्यांनी पाळली. इस्रायल आणि इझाक यांचे सिंह असे पोलिश आणि अमेरिकन पोरापोरींच्या हातून पुन्हा उमटले.

हे छप्पर आणि त्याखालचा घुमट मूळ आकाराच्या शंभरात पंच्याऐंशी या प्रमाणात आहे. वॉर्सातील पोलिन संग्रहालयात तो बसविला आहे. संग्रहालयाची इमारत १९ एप्रिल २०१३ रोजी उघडली. वॉर्साच्या ज्यू कोंडवाड्यातील उठावास त्या दिवशी सत्तर वर्षे पुरी झाली. कायमचे प्रदर्शन पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये खुले झाले. संग्रहालय उभे आहे ते त्याच कोंडवाड्याच्या जागेवर. दंतकथेतील ‘पो लिन’ हे शब्द आता त्याच्या दारावरचे नाव झाले आहेत.

येथे टाळी वाजवून व्याख्यान संपविता आले असते. पण मघाचा संकोच अजून उरला आहे, आणि तो दूर सारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परत आले ते काय? देऊळ नव्हे, देवळाचे छप्पर आणि छत. तेही गावी नव्हे, संग्रहालयात. तेथे तिकीट काढून माणसे येतात, मान वर करून पाहतात आणि पुढील दालनात जातात. देवळाचे देऊळपण भिंतींत नसते. ज्यूंच्या शास्त्राप्रमाणे सार्वजनिक प्रार्थनेस दहा जणांचा मेळा लागतो. रानात दहा जण जमले तरी प्रार्थना होते, आणि सोन्याच्या देवळात नऊच असले तर ती अपुरी राहते. ग्वोझ्जेत्सचे ते दहा जण कोणत्याही कुऱ्हाडीने घडविता येणार नाहीत. कोणी विचारील, मग हा सारा खटाटोप कशासाठी? मारलेल्या लोकांच्या वस्तू सुंदर करून मांडल्या की मारणाऱ्यांच्या कृत्यावरचे लक्ष उडते, असा आक्षेपही घेता येईल. तो आक्षेप आम्हांला पोकळ वाटत नाही.

तरी आमचे मत वेगळे आहे, आणि ते आपल्या घरातील एका रिवाजाच्या आधारे सांगतो. श्राद्धाच्या दिवशी आपण पान वाढतो. गेलेला माणूस येऊन जेवेल असे समजून कोणी वाढीत नाही. त्याला काय आवडत असे ते आठवून, तेच रांधून, तसेच वाढतो; आणि ते रांधण्यात घरातील मुलीसुनांना त्याची आवड कळते, त्याच्या गोष्टी निघतात. ग्वोझ्जेत्सचे छप्पर या जातीचे आहे. ज्या पोरांनी तो सिंह रंगविला त्यांना इस्रायल आणि इझाक ही नावे कायमची कळली. त्यांच्या ब्रशाचा फटका कोणत्या बाजूने कोणत्या बाजूस जात होता तेही कळले. पोलंडातील गावोगावच्या ज्या लोकांनी ते रंगकाम येऊन पाहिले, त्यांना आपल्या चौकातील ती बंद इमारत कशाची होती याची आठवण झाली. नाझींचा हेतू केवळ माणसे मारण्याचा नव्हता. ती माणसे येथे कधी होती हेही पुसून टाकण्याचा होता. छपराने माणसे परत आणली नाहीत, पण तो दुसरा हेतू विफल केला. आणि अनुबोधपटाचे महत्त्व येथेच आहे. संग्रहालयातील छप्पर पुरे झालेले दिसते. ते कसे आणि कोणी केले हे चित्रपटाने जपले. ब्रायरने इमारतीची नोंद केली, वोलिन्स्की यांनी कारागिरीची केली. उद्या हे छप्परही गेले, तरी पुढच्यांना कुऱ्हाड कशी धरावयाची एवढे तरी पाहावयास मिळेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या साखळीतील एकाही माणसास आपण काय करतो आहोत ते पुरते ठाऊक नव्हते. ब्रायरला पदवी हवी होती. सोस्नोव्स्की यांच्या विद्यार्थ्यांना सुटीचे काम पुरे करावयाचे होते. काउफमानला चित्र काढावयाचे होते. त्यांनी आपले रोजचे काम चोख केले, एवढेच. एखाद्या विद्यार्थ्याने कंटाळून एक माप अंदाजाने टाकले असते, तर ऐंशी वर्षांनी सानोकच्या चिखलात एक सांधा बसला नसता.

आता पुन्हा आपल्या देशी येऊ. आपल्या समाजाने ज्यूंचा छळ केला नाही, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. कोकणातील बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. बायबलातील कथांवर त्यांनी मराठी कीर्तने रचली. मुंबईतील त्यांचे पहिले मंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. अलिबाग, पनवेल, रेवदंडा, पेण, ठाणे येथे त्यांची मंदिरे उभी राहिली. १९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. कोणी हाकलले म्हणून नव्हे, आपखुशीने गेली. मुंबईतील कोटातले १८८४ सालचे मंदिर २०१९ साली नीट दुरुस्त होऊन पुन्हा झळाळले, हे चांगलेच झाले. पण कोकणातील लहान मंदिरे दहा जणांच्या मेळ्याची वाट पाहतात. त्यांना आग लावणारा कोणी नाही. पण पावसाळा आहे, वाळवी आहे, आणि जमिनीचे भाव आहेत.

पोलंडात नोंद करणाऱ्यांना थोडीच वर्षे मिळाली, आणि ती थोडी आहेत हे त्यांना माहीत नव्हते. आपल्याला वेळ आहे. म्हणून श्रोत्यांना, विशेषतः तरुणांना, आमचे सांगणे अगदी साधे आहे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आपल्या गावात अशी एखादी इमारत असेल, मग ती ज्यूंचे मंदिर असो, जुना वाडा असो, मोडकळीस आलेली धर्मशाळा असो, तर तेथे एकदा जा. दारात उभे राहून स्वतःचे चित्र काढून परत येऊ नका. फीत घेऊन जा आणि लांबीरुंदी मोजा. तुळईचा सांधा जवळून टिपा. जुना सुतार हयात असेल तर त्याला बरोबर न्या आणि हा सांधा कसा उघडतो ते त्याच्या तोंडून ऐका. आणि त्या घरातील म्हातारी माणसे अजून बोलती असतील, तर छपराआधी त्यांच्याजवळ बसा.